लॉफ्टवरून लोंबणारी लाजरी वेल: घरच्या घरी कशी करायची

मुंबईतल्या फ्लॅटमध्ये झाडं लावायची तर सगळा व्यवहार खिडकीच्या ग्रिलशी. दोन कुंड्या ठेवल्या की पाणी टपकतं म्हणून खालच्या मजल्यावरून तक्रार. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं की पावसाळ्यात महापालिकेची माणसं डासांच्या अळ्या शोधत दारात. आणि आतल्या खोलीत तर दुपारी बारा वाजताही ट्यूब लावावी लागते. तिथे मनी प्लांटसुद्धा कंटाळतो.

हा लेख त्या आतल्या खोलीसाठी आहे. लॉफ्टच्या कडेवरून तीन वेली सोडायच्या. माणूस जवळ आला की त्या अंग चोरून घेतात आणि तो लांब गेला की सावकाश सैल होतात. माती नाही, पाणी नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा गंध नसला तरी चालेल. दोन-तीन रविवार आणि थोडी चिकाटी मात्र लागेल.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. पान हुबेहूब दिसावं म्हणून जीव काढू नका. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास मिळणारी प्लॅस्टिकची वेल अगदी खऱ्यासारखी दिसते आणि दुसऱ्या दिवसापासून तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. झाडाचा भास होतो तो त्याच्या चालीमुळे: किती उशिरा हलतं, किती सावकाश, आणि कधी अजिबात दाद देत नाही. निम्मी मेहनत त्या चालीसाठी राखून ठेवा.

आधी लाजाळू बघा

नर्सरीतून लाजाळूचं एक रोप आणा. कोकणात गाव असेल तर तेही नको, बांधावर फुकट उगवलेलं असतं. मोबाइल स्टँडवर लावून दोन व्हिडिओ काढा. स्पर्श केल्यावर पान मिटतं तो स्लो मोशनमध्ये, आणि पान परत उघडतं तो टाइमलॅप्समध्ये.

त्यात तीन गोष्टी दिसतील. मिटणं काही सेकंदांत होतं, उघडायला मात्र दहा-वीस मिनिटं लागतात. पानाच्या बुडाशी असलेल्या फुगीर सांध्यातल्या पेशींमधलं पाणी झटकन बाहेर जातं म्हणून पान पडतं; तेच पाणी परत भरायला वेळ लागतो. दुसरं, टोकाच्या पर्णिकेला हात लावला तर सगळं पान एकदम मिटत नाही. जोडी जोडीने, देठाकडे सरकत मिटतं. तिसरं बघायला जरा धीर लागतो. त्याच पानाला पुन्हा पुन्हा हलकासा धक्का देत राहिलात तर काही वेळाने ते मिटायचं सोडून देतं. धोका नाही हे त्याला कळलेलं असतं म्हणा हवं तर.

जगदीशचंद्र बोस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला याच लाजाळूवर कितीतरी प्रयोग केले. पानाची हालचाल काजळी धरलेल्या काचेवर उमटवणारी यंत्रं त्यांनी स्वतः घडवली होती. आपल्याला तेवढं करायचं नाही, मोबाइल पुरे. पण हे दोन व्हिडिओ जपून ठेवा, पुढे आकडे ठरवताना तेच कामी येतील.

सामान

इलेक्ट्रॉनिक्सचं सगळं सामान लॅमिंग्टन रोडला मिळतं. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतरून चालत जाता येतं. रविवारी तिथली बहुतेक दुकानं बंद असतात, तेव्हा खरेदीसाठी शनिवार धरा. यादी कागदावर लिहून न्या. काउंटरवर गर्दी असते आणि ‘झाडासारखं हलणारं काहीतरी करायचंय’ हे ऐकून घ्यायला कोणाला वेळ नसतो.

यादी अशी: आर्डुइनो उनो (सेन्सर वाचून मोटरी चालवणारा छोटा संगणकी बोर्ड; साधा क्लोन चालतो) आणि त्याची यूएसबी केबल, एसजी९० सर्वो मोटर (सांगाल त्या कोनावर जाऊन थांबणारी छोटी मोटर) पाच: तीन लावायला, दोन सुट्या, एचसी-एसआर०४ हा अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर, एक एलडीआर (उजेड ओळखणारा भाग) आणि १० किलोओहमचा रेझिस्टर, ५ व्होल्ट ३ अँपिअरचा अडॅप्टर, १००० मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता जोडणी करायची भोकांची पाटी) आणि जंपर वायरी. एसजी९० साधारण १००-१५० रुपयांच्या घरात जाते, बाकीचंही फार महाग नाही. अडॅप्टर मात्र स्वस्तातला घेऊ नका, बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी बघून घ्या. तो चोवीस तास लॉफ्टवर, जुन्या गाद्यांच्या शेजारी राहणार आहे.

वेलीसाठी लागते मत्स्यालयात हवा सोडायची नळी. क्रॉफर्ड मार्केटमध्ये शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानांत मिळेल. पीव्हीसीची असते तशी सिलिकॉनचीही असते. सिलिकॉनची घ्या, ती वाकवून सोडली की पटकन सरळ होते. सोबत बारीक तंगूस (नायलॉनचा पारदर्शक दोरा). पानांसाठी मंगलदास मार्केटमधून अर्धा मीटर हिरवट ऑर्गेंझा (पातळ, पारदर्शक कापड; सिंथेटिकच घ्या) पुष्कळ झाला. तयार पानांच्या माळा तिथेच आसपास लटकत असतात. त्यांच्याकडे न बघता पुढे जा.

वेल बनवणं

हातभर लांबीची नळी कापा. आता बारीक कटर प्लायरने नळीच्या एका बाजूला दर चार सेंटीमीटरवर इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडा. खाच साधारण दोन मिलिमीटर रुंद आणि नळीच्या निम्म्याहून किंचित जास्त खोल. आरपार गेली तर नळी तुटेल. उथळ राहिली तर वेल वळायला नाखूश. पहिल्या नळीचा बळी जातो हे गृहीत धरा, म्हणून नळी दुप्पट आणा.

नळीतून तंगूस ओवा. खालच्या टोकाला मणी बांधून गाठ मारा, मणी नळीत शिरता कामा नये. वरून तंगूस ओढलीत की खाचा एकेक करून मिटतात आणि वेल आतल्या बाजूला वळते. सोडलीत की स्वतःच्या वजनाने आणि नळीच्या ताठपणाने खाली येते. दहा खाचा असतील तर ओढ जेमतेम दोन सेंटीमीटर लागते, आणि तेवढी छोट्या सर्वोच्या आवाक्यात आहे.

तिन्ही वेली सारख्या करू नका. एकीच्या खाचा सरळ रेषेत, दुसरीच्या प्रत्येक वेळी नळी किंचित फिरवून, म्हणजे ती नुसती न वळता पीळ घेत वर येते. तिसरी आखूड ठेवा.

पानं कापायची पद्धत बघण्यासारखी आहे. ऑर्गेंझा कात्रीने कापला की धागे सुटतात. त्याऐवजी पेटलेल्या अगरबत्तीच्या टोकाने पानाचा आकार काढत जा. सिंथेटिक कापड वितळून कडा आपोआप बंद होते आणि तिला एक बारीक तपकिरी रेघ येते, सुकत चाललेल्या पानाला असते तशी. खिडकी उघडी ठेवून करा, धूर नाकात जातो. एका वेलीला बारा-पंधरा पानं पुरेत. जास्त लावलीत तर वजन वाढेल आणि मोटर कण्हायला लागेल.

पान नळीला थेट चिकटवू नका. दोन-तीन सेंटीमीटरच्या दोऱ्याचा देठ द्या. पिंपळाचं पान वाऱ्याची झुळूक जाणवतही नसताना सळसळत असतं, त्याचं कारण त्याचा लांब, लवचिक देठ. आपल्या घरात पंखा वर्षाचे दहा महिने चालूच असतो. तो एकवर ठेवला की ही पानं मोटरशिवायच हलत राहतात. ही हालचाल फुकटात मिळते, आणि कोणी जवळ नसतानाही वेल मेल्यासारखी वाटत नाही.

मोटर आणि वीज

दोन फुटांची लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर तिन्ही सर्वो स्क्रूने बसवा. प्रत्येक सर्वोच्या पांढऱ्या हाताच्या टोकाला एकेका वेलीची तंगूस बांधा. नळीचं वरचं तोंड पट्टीला घट्ट बांधलेलं हवं, नाहीतर मोटर वेलीला वाकवण्याऐवजी अख्खी वर उचलेल.

सर्वोला तीन वायरी असतात: तपकिरी ग्राउंड, लाल ५ व्होल्ट, नारिंगी सिग्नल. नवशिक्यांची गाडी अडते ती इथे. तिन्ही मोटरींची वीज आर्डुइनोच्या ५ व्होल्टच्या पिनवरून घेऊ नका. एक सर्वो अडकली की साडेसहाशे-सातशे मिलिअँपिअरपर्यंत खेचते. तिघी एकदम सुरू झाल्या की बोर्ड गचके खात रीसेट होतो आणि वेली वेड लागल्यासारख्या उडतात. वीज थेट अडॅप्टरवरून द्या, कपॅसिटर त्याच्या दोन वायरींमध्ये लावा (उलटा लावू नका, पट्टी असलेली बाजू ग्राउंडला), आणि अडॅप्टरचा ग्राउंड आर्डुइनोच्या ग्राउंडला जोडा. ही शेवटची वायर राहिली तर सगळं बरोबर असूनही काहीच धड चालत नाही.

प्रोग्रॅमिंग येत नसेल तर आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरमध्ये उदाहरणांच्या यादीत ‘सर्वो’खाली ‘स्वीप’ नावाचा तयार प्रोग्रॅम आहे. तो चढवा. मोटर दर १५ मिलिसेकंदांनी एक अंश सरकते. वेल वळताना दिसली की पाया झाला. पुढे यातले आकडे बदलायचे आणि थोडी भर घालायची.

सेन्सर

एचसी-एसआर०४ आवाजाची लहर सोडतो आणि प्रतिध्वनी किती वेळाने आला ते सांगतो. मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं की सेंटीमीटर मिळतात. तो छातीच्या उंचीवर, कपाटाच्या कडेला लावा. त्याच्या समोर वेल किंवा पडदा येऊ देऊ नका. सुती साडी, शाल असं मऊ कापड आवाज पिऊन टाकतं, त्यामुळे मधूनच वेडावाकडा आकडा येतो. पाच वेळा मोजा, आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या, दोन मोजण्यांत ६० मिलिसेकंदांचं अंतर ठेवा. एवढ्यावर भागतं.

चाल ठरवणं

आता खरं काम. ‘माणूस ६० सेंटीमीटरच्या आत आला की मोटर ९० अंशांवर, गेला की शून्यावर’ असं लिहिलंत तर तुमची वेल मॉलच्या सरकत्या दारासारखी वागेल. लोक दोनदा हात हलवतील, हसतील आणि चहा प्यायला जातील.

पहिला बदल वेगाचा. मिटणं दीड-दोन सेकंदांत, उघडणं तीन मिनिटांत. खऱ्या लाजाळूचा वेळ घेतला तर पाहुणे निघून जातात, म्हणून तीन मिनिटं. ९० अंश तीन मिनिटांत म्हणजे दर दोन सेकंदांना एक अंश. डोळ्याला हलताना काही दिसत नाही, पण वर्तमानपत्राचं पान उलटून मान वर केली की वेल बदललेली असते. माझ्या मते या सगळ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट हीच, आणि बहुतेक लोक नेमकी हीच घाईने मारून टाकतात.

दुसरा बदल क्रमाचा. खोलीच्या दाराकडची वेल आधी, मधली साधारण अर्ध्या सेकंदाने, तिसरी त्यानंतर. उघडताना मात्र क्रम ठरवू नका. प्रत्येकीला वेगळा वेळ द्या, कधी अडीच मिनिटं, कधी चार. ‘रँडम’ नावाचं फंक्शन आहेच.

तिसरा बदल दुर्लक्ष करण्याचा. दहा मिनिटांत पाचदा कोणी डिवचलं तर वेलीने सहाव्यांदा जागचं हलू नये, पुढची पंधरा मिनिटं. घरातली मुलं आधी वैतागतील, ‘बिघडली’ म्हणतील. मग तिच्याजवळून हळू चालायला लागतील. यंत्र दरवेळी हुकूम पाळतं; झाड पाळत नाही, एवढा फरक त्यांना न सांगता समजतो.

चौथा बदल झोपेचा. संध्याकाळनंतर झाडाला हात लावू नये, ती झोपतात, हे आजीकडून ऐकलेलं असेलच. चिंच, शिरीष आणि मुंबईच्या रस्त्यांवरचे रेन ट्री दिवस मावळला की पानं खरोखर मिटतात. एखाद्या संध्याकाळी अशा झाडाखाली उभं राहून वर बघा. एलडीआर उजेड मोजतो. खोलीतला उजेड ठरावीक पातळीखाली गेला की तिन्ही वेली पाच-दहा मिनिटांत अर्ध्या मिटू द्या आणि सकाळपर्यंत सेन्सरकडे बघूच नका. फुलं रात्री मिटतात यावरूनच नेदरलँड्सच्या स्टुडिओ ड्रिफ्टने ‘शायलाइट’ हे छताला टांगलेलं, रेशमी पाकळ्यांचं दिव्याचं शिल्प केलं. ते अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे, व्हिडिओ जरूर शोधा. त्यातली उतरण्याची चाल शिकण्यासारखी आहे.

तांत्रिक बाजू एवढीच की प्रोग्रॅममध्ये ‘डिले’ वापरू नका. डिले चालू असताना बोर्ड आंधळा-बहिरा असतो, तीन मिनिटं उघडण्यात गेली तर मध्ये आलेला माणूस त्याला कळणारच नाही. उदाहरणांच्या यादीतला ‘ब्लिंक विदाउट डिले’ वाचा, दोनदा वाचा, तोच साचा इथे वापरायचा आहे. आणि वेल पूर्ण उघडली की ‘डिटॅच’ करून सर्वोचा सिग्नल तोडा. नाहीतर ती दिवसभर गुणगुणत राहते आणि त्या आवाजाने सगळा भास मोडतो.

सावली

ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात ठळक सावली पडत नाही, आणि सावलीशिवाय ही वेल म्हणजे नुसती लोंबणारी नळी. एकच लहान, पिवळसर एलईडी दिवा भिंतीकडे तोंड करून असा लावा की वेली दिवा आणि भिंत यांच्या मध्ये येतील. दिवा जितका लहान तितकी सावली रेखीव. वेल हातभरच असते, पण भिंतीवरची सावली दिवा मागे-पुढे करून दुप्पट मोठी करता येते. पंख्याने पानं हलली की भिंत हलते.

झाडाखाली पडणारे कवडसे गोल का असतात? पानांमधली फट वेडीवाकडी असली तरी प्रत्येक कवडसा ही सूर्याचीच एक छोटी प्रतिमा असते. फट सुईच्या छिद्राचं काम करते. घरात हे हवं असेल तर दिव्यापुढे बारीक भोकं पाडलेला काळा कार्डपेपर धरा. भोकांमधून गेलेल्या दिव्याच्या प्रतिमा भिंतीवर उमटतात. थोडी खटपट आहे, पण निम्मे पाहुणे वेल बघण्याआधी हीच भिंत बघतात.

लावणं आणि सांभाळणं

भाड्याच्या घरात ड्रिल चालत नाही. पट्टी दोन सी-क्लॅम्पने लॉफ्टच्या कडेला आवळा, खाली जुना कपडा घाला म्हणजे रंग खरवडणार नाही. लॉफ्ट नसेल तर पडद्याचा मजबूत दांडा चालतो. वायरी पट्टीच्या मागे टेपने चिकटवा. झाडलोट करणाऱ्या मावशींना पहिल्याच दिवशी वेल चालवून दाखवा. फडका मारताना ती अचानक वर गेली की माणूस स्टुलावरून पडायचा.

पावसाळ्यात जंपर वायरींच्या टोकांवर गंज चढतो आणि एखादी वेल मधूनच लुळी पडते. म्हणून सगळं नीट चालायला लागलं की जूनच्या आधी ब्रेडबोर्ड काढून जोड सोल्डर करून घ्या. बोर्ड झाकण असलेल्या डब्यात, सोबत बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या दोन पुड्या. कागदाची पानं केली असतील तर ती याच दिवसांत मलूल होतात आणि बुरशी धरतात. ऑर्गेंझा सांगितला तो त्यासाठीच.

पुढे काय करता येईल

घरात एखादी जिवंत कुंडी असेल तर तिलाच सेन्सर करा. आर्डुइनोऐवजी ईएसपी३२ बोर्ड घेतलात तर त्यात स्पर्श ओळखणाऱ्या पिना मुळातच असतात. अशा पिनेची वायर मनी प्लांटच्या ओल्या मातीत खोचली की पानाला बोट लावल्याबरोबर आकडा बदलतो, कारण ओली माती आणि रसरशीत देठ दोन्ही विजेचे वाहक. खऱ्या पानाला हात लावला आणि लॉफ्टवरची वेल लाजली, असं होतं. क्रिस्टा सोमरर आणि लोराँ मिन्योनो या कलावंतांनी १९९२ मध्ये याच तत्त्वावर एक गाजलेली रचना केली होती: लोक खऱ्या रोपांजवळ हात नेत आणि पडद्यावर संगणकातली झाडं वाढत. ईएसपी३२ च्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यामुळे एचसी-एसआर०४ चा ५ व्होल्टचा सिग्नल थेट जोडू नका, मध्ये दोन रेझिस्टर टाकून उतरवून घ्या.

सोसायटीच्या गणपतीच्या सजावटीत वेली लावायच्या असतील तर नियम उलटे करावे लागतात. मंडपात सेन्सरसमोर सतत कोणीतरी असतंच, म्हणजे वेली दहा दिवस मिटलेल्याच राहतील. तिथे ‘माणूस आला की मिट’ ऐवजी ‘समोरचा माणूस वीस सेकंद न हलता उभा राहिला की उघड’ असं लिहा. अंतराचा आकडा पाच सेंटीमीटरच्या आतच खालीवर होत असेल तर माणूस स्थिर आहे असं धरायचं. उघडण्याचा वेळ तीन मिनिटांवरून अर्ध्या मिनिटावर आणा, मागे रांग असते. आणि सुट्या ठेवलेल्या दोन सर्वो, छोटा स्क्रूड्रायव्हर आणि तंगूसचं रीळ मंडपातच ठेवा. एसजी९० चे दाते प्लॅस्टिकचे असतात, आणि कोणीतरी वेल ओढून बघणारच.